समुद्रमार्गे सांतियागो: जहाजाचा प्रवास आणि पायांची यात्रा

25 जुलै हा प्रेषित संत याकोबाचा सण. हा सण ज्या वर्षी रविवारी येतो ते वर्ष स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील ख्रिस्तसभा पुण्यवर्ष म्हणून पाळते. 1993, 1999, 2004 आणि 2010 ही अशी वर्षे होती. 2021 च्या पुण्यवर्षावर करोनाचे सावट पडल्यामुळे पोप फ्रान्सिस ह्यांनी ते 2022 अखेरपर्यंत वाढवून दिले. आता पुढचे पुण्यवर्ष 2027 साली येत आहे. आदल्या वर्षाच्या 31 डिसेंबरला कॅथेड्रलचे पवित्र द्वार उघडण्याची प्रथा आहे आणि एरवी बंद असणारे हे द्वार मग वर्षभर भाविकांसाठी खुले राहते.

पुण्यवर्ष जवळ आले की प्रवासव्यवसायही जागा होतो. युरोपातील पर्यटनाच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवा प्रकार रुजला आहे. शंभर-दोनशे प्रवाशांच्या छोट्या जहाजाने पोर्तुगाल आणि उत्तर स्पेनच्या किनाऱ्याने प्रवास करायचा, ठरावीक बंदरांत उतरून 'कामिनो' ह्या नावाने जगप्रसिद्ध असलेल्या यात्रामार्गाचे काही टप्पे पायी चालायचे आणि संध्याकाळी जेवणाला जहाजावर परतायचे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. हजारो प्रवाशांच्या महाकाय क्रूझपेक्षा ही सहल शांत असते, लहान बंदरांत जाऊ शकते आणि तिच्या माहितीपत्रकात 'यात्रा' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. आपल्या धर्मग्रामांतून युरोपातील तीर्थस्थळांच्या सहली नियमित निघतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी आईवडिलांना अशा सहलीची भेट द्यावी, ह्याचेही आता कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा 2027 पूर्वी हा विषय आपल्यापर्यंत पोहोचणार हे उघड आहे.

अशा प्रवासाला तीर्थयात्रा म्हणता येईल का, ह्या प्रश्नाला दोन झटपट उत्तरे मिळतात. एक म्हणजे, पंचतारांकित केबिनमध्ये झोपून कसली यात्रा? दुसरे म्हणजे, देव मन पाहतो, साधन पाहत नाही. दोन्ही उत्तरांत अर्धे तथ्य आहे. परंतु सांतियागोचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याचे ह्या दोहोंपैकी एकानेही समाधान होणार नाही.

समुद्र हा ह्या यात्रेला नवा नाही

संत याकोब हा जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, गालील सरोवरावरचा कोळी. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात त्याच्या हौतात्म्याची अगदी त्रोटक नोंद आहे. इ. स. 44 च्या सुमारास हेरोद अग्रिप्पा राजाने त्याला तलवारीने ठार मारले. त्यापुढची कथा परंपरेची आहे. ती सांगते की, त्याच्या शिष्यांनी त्याचा देह याफाच्या बंदरातून एका नावेत ठेवला आणि ती नाव सात दिवसांत स्पेनच्या वायव्य टोकाला, उल्ला नदीतून आत, इरिया फ्लाविया येथे लागली. आज त्या जागी पाद्रोन नावाचे गाव आहे. नाव ज्या दगडाला बांधली असे म्हणतात तो दगड तेथील संत याकोबाच्या चर्चमध्ये मुख्य वेदीखाली दाखवतात आणि गावाचे नावही त्या दगडावरूनच आले असे मानतात. पुढे नवव्या शतकाच्या आरंभी इरियाचे बिशप तेओदोमिरो ह्यांच्या काळात कबर सापडली आणि तिच्याभोवती सांतियागो शहर वाढले.

ह्या कथेचा इतिहास म्हणून किती भाग टिकतो, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि आपण ते लपवण्याचे कारण नाही. 1589 साली इंग्रज आरमाराच्या भीतीने लपवलेले संतावशेष 1879 साली उत्खननात पुन्हा सापडले आणि 1884 साली पोप तेरावे लिओ ह्यांनी त्यांना मान्यता दिली, हे मात्र नोंदलेले आहे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे ते एवढेच की, ख्रिस्ती परंपरेच्या स्मृतीत ह्या मार्गाचा पहिला प्रवास नावेने झाला. रस्ता नंतर आला.

मध्ययुगातही इंग्लंड, आयर्लंड आणि उत्तर युरोपातील भाविक मोठ्या प्रमाणात जहाजाने येत. त्यांची उतरण्याची बंदरे आ कोरुन्या आणि फेरोल. तेथून सांतियागोला जाणाऱ्या वाटेला आजही 'इंग्रजी कामिनो' म्हणतात. 1417 साली मार्जरी केंप ही इंग्लिश स्त्री ब्रिस्टल बंदरातून निघून सात दिवसांत स्पेनला पोहोचली. तिच्या आत्मकथनात हा प्रवास नोंदला आहे. ईटन कॉलेजचे विल्यम वे हे धर्मगुरू 1456 च्या 17 मे रोजी प्लिमथहून निघाले आणि 21 मे रोजी आ कोरुन्याला उतरले. पवित्र त्रैक्याचा रविवार त्यांनी सांतियागोत साजरा केला आणि ख्रिस्तशरीराच्या सणाला ते पुन्हा आ कोरुन्यात हजर होते. बंदरात त्या वेळी चौऱ्याऐंशी जहाजे नांगरलेली होती आणि त्यांतली बत्तीस इंग्रजांची होती, अशी मोजदाद त्यांनी करून ठेवली आहे. जहाजांचे मालक माणशी भाडे घेत आणि राजाकडून यात्रेकरू वाहून नेण्याचा परवाना मिळवत. म्हणजे ठरावीक भाडे, ठरावीक बंदर, परतीची सोय असा हा व्यवस्थित धंदाच होता.

विल्यम वे ह्यांचे हे दिवस मोजून पाहण्यासारखे आहेत. 21 मे रोजी बंदर आणि 23 मे रोजी, त्रैक्याच्या रविवारी, सांतियागो. मधले अंतर सत्तर किलोमीटरहून अधिक. जुने यात्रेकरू महिनोन्महिने डोक्यावर ऊन घेत चालत आणि आजचे मात्र घाईत असतात, अशी जी एक भाबडी समजूत आपल्या प्रवचनांतूनही कधीकधी डोकावते, ती ह्या एका उदाहरणाने सैल व्हावी. समुद्रमार्गे येणारा भाविक पाचशे वर्षांपूर्वीही घाईतच असे.

मग फरक कशात आहे? फरक समुद्रात आहे. बिस्केच्या उपसागरातील लाटा, चाचे, तळघरातील कोंदट हवा आणि उलट्या ह्यांतून तो भाविक जात असे. पंधराव्या शतकातील एका इंग्रजी कवितेचा विषयच मुळी सांतियागोला निघालेल्या यात्रेकरूंची समुद्रात होणारी दैना आणि त्यांची थट्टा करणारे खलाशी हा आहे. घर सोडण्यापूर्वी मृत्युपत्र करून जाण्याची रीत होती. चालणे थोडे होते, परंतु समुद्रच एक प्रायश्चित्त होता. आमच्या वसई, उत्तन, अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आजच्या छोट्या जहाजात स्थिरक यंत्रे असतात, हवामानाचा अंदाज दर तासाला येतो आणि वादळाची शक्यता असल्यास बंदर बदलते. प्रवाशाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण समुद्राने एके काळी जे काम केले ते हे जहाज करत नाही, आणि ते काम मग पायांवर येऊन पडते.

वाट पुन्हा जिवंत कशी झाली

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कामिनो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याला पुन्हा उभे करण्याचे मोठे श्रेय ओ सेब्रेइरो ह्या डोंगरावरील गावाचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या ह्यांना द्यावे लागते. आज सर्वत्र दिसणारे पिवळे बाण त्यांनी 1984 च्या सुमारास हाताने रंगवायला सुरुवात केली. पोप दुसरे जॉन पॉल 1982 साली सांतियागोला आले आणि 1989 च्या जागतिक युवादिनासाठी पुन्हा आले. 1987 साली युरोपीय परिषदेने ह्या मार्गाला युरोपचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले; 1993 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. 1985 साली सांतियागोच्या यात्री-कार्यालयात नोंद झालेल्यांची संख्या सातशेसुद्धा नव्हती. 2019 साली ती सुमारे 3 लाख 47 हजार झाली, 2024 साली जवळपास 5 लाख झाली आणि 2025 साली तिने पाच लाखांचा टप्पा ओलांडला. सांतियागो शहराची लोकसंख्या मात्र लाखाच्या आसपासच आहे. घरांची भाडी, पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी सदनिका, रात्रीचा गोंगाट ह्यांविषयी तेथील रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या आहेत. एका गावच्या फादरने रंगाची बादली घेऊन सुरू केलेल्या कामाचे फळ असे गुंतागुंतीचे निघाले.

नोंदीचा निकष साधा आहे. किमान 100 किलोमीटर पायी किंवा घोड्यावरून, अथवा किमान 200 किलोमीटर सायकलने यावे. यात्रापुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यावेत. प्रवास प्रेषिताच्या कबरीपाशी संपावा आणि हेतू श्रद्धेचा किंवा निदान आध्यात्मिक शोधाचा असावा. हे पूर्ण केल्यास 'कॉम्पोस्तेला' हे लॅटिन प्रमाणपत्र मिळते. ज्यांचा हेतू ह्यात बसत नाही त्यांच्यासाठी वेगळे स्वागतपत्र आहे. शंभर किलोमीटरच्या ह्या अटीमुळेच एकूण यात्रेकरूंपैकी सुमारे तिसरा हिस्सा सारिया ह्या, सांतियागोपासून जेमतेम 115 किलोमीटरवरच्या गावातून चालायला सुरुवात करतो.

समुद्राने येणाऱ्यांचा विचारही कार्यालयाने केलेला आहे. शिडाच्या नौकेने किमान 100 सागरी मैल येऊन शेवटचे काही किलोमीटर मोन्ते दो गोसो टेकडीपासून पायी आल्यास ते मान्य होते. तसेच आ कोरुन्यापासून सांतियागो सुमारे 75 किलोमीटरच असल्यामुळे, जे भाविक आपल्या मायभूमीत आधी 25 किलोमीटर चालून येतात त्यांना तेथून निघण्याची मुभा अलीकडच्या काळात देण्यात आली आहे. जुन्या इंग्रज आणि आयरिश यात्रेकरूंची वाट ख्रिस्तसभा विसरलेली नाही, हे ह्यातून दिसते. परंतु ही सवलत वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला आहे. क्रूझच्या केबिनमध्ये काढलेल्या रात्री तीत मोजल्या जात नाहीत.

वेळापत्रकाचा प्रश्न

आता नव्या सहलींकडे वळू. आरामाविषयी तक्रार करणे मला फारसे योग्य वाटत नाही. सत्तरीच्या वयात गुडघ्याचे दुखणे घेऊन निघालेल्या माणसाला रात्री चांगली गादी मिळाली तर त्यात कुणाचे काय गेले? कामिनोवर पायी चालणाऱ्यांतही आज कितीतरी जण आपली पाठपिशवी गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवतात. खरी अडचण गादीची नाही, घड्याळाची आहे.

साधे गणित करून पाहावे. दिवसाला वीस किलोमीटर ह्या माफक गतीने शंभर किलोमीटरला पाच दिवस लागतात. जहाज एका बंदरात साधारण सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. त्यातला बंदरापासून वाटेपर्यंतचा बसचा वेळ, जेवणाचा वेळ आणि परतीचा वेळ वजा केला तर चालण्यासाठी चार-पाच तास उरतात. आठवडाभराच्या सहलीत असे दोन किंवा तीन दिवस येतात. म्हणजे एकंदर तीस-पस्तीस किलोमीटर, तेही तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. निवडलेले टप्पे अर्थातच सर्वांत सुंदर असतात: ओकच्या झाडांखालची वाट, दगडी पूल, समुद्रकिनाऱ्याची पायवाट. औद्योगिक वसाहतींमधून, महामार्गाच्या कडेने जाणारे कंटाळवाणे तुकडे बस गाळून टाकते. पाऊस आला तर पूर्ण टप्पाच गळतो, आणि गालिसिया हा स्पेनमधील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे.

जे गळते त्यातच यात्रेचा मोठा भाग असतो. ज्यांनी लांब पायी प्रवास केला आहे ते सांगतात की, पहिला दिवस उत्साहाचा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय सुजतात, बरोबरच्या माणसाचा राग येतो, घरी परतावेसे वाटते. आणि नंतर कधीतरी मन शांत होऊन प्रार्थनेला लागते. दर संध्याकाळी जहाजावर परतणारा प्रवासी रोज पहिल्याच दिवशी चालत असतो. तो तिसऱ्या दिवसापर्यंत पोहोचत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2025 च्या ज्युबिली वर्षाची घोषणा करताना पायी यात्रेचा विशेष उल्लेख केला होता तो शांतता, कष्ट आणि साधेपणा ह्यांचे मोल पुन्हा कळावे म्हणून. कष्ट आणि साधेपणा ह्यांना सलग वेळ लागतो. ते तुकड्यांत मिळत नाहीत.

दुसरे नुकसान सोबतीचे. कामिनोवरील यात्रीनिवासात सुमारे 10 युरोत एका मोठ्या खोलीत दुमजली खाट मिळते. खाली झोपणारा कोरियातला विद्यार्थी, वर घोरणारा पोलंडचा सुतार, शेजारी नुकतीच पतीच्या निधनातून सावरणारी कुणी स्त्री. ही सोबत निवडता येत नाही आणि तिच्यातूनच अनेकांना आपल्या आयुष्याविषयी कुणा परक्याशी प्रथमच मोकळे बोलता येते. जहाजावर सोबत असते ती तितकेच पैसे मोजू शकणाऱ्यांची. शिवाय संध्याकाळी गावागावांतील लहान चर्चमध्ये यात्रेकरूंसाठी मिस्सा होते आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी धर्मगुरू यात्रेकरूंना पुढे बोलावून आशीर्वाद देतात. पाच वाजता सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला ही मिस्सा मिळत नाही. माहितीपत्रकात वाइनची चव, स्थानिक सीफूड, मार्गदर्शकाचे व्याख्यान ह्यांची नोंद असते. रविवारच्या मिस्सेची नोंद शोधावी लागते. आपल्या वाचकांनी नोंदणीपूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. पुण्यवर्षाची संपूर्ण दंडमुक्ती, म्हणजे इंडलजन्स, आणि कॉम्पोस्तेला प्रमाणपत्र ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दंडमुक्तीसाठी कॅथेड्रलला भेट, श्रद्धेची कबुली आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, तसेच प्रायश्चित्त संस्कार आणि ख्रिस्तप्रसाद एवढेच लागते. तिला किलोमीटरची अट नाही. विमानाने, बसने, जहाजाने, चाकांच्या खुर्चीतून येणारा भाविकही तिला तितकाच पात्र आहे. तेव्हा जहाजाने सांतियागोला जाऊन पवित्र द्वारातून आत जाणाऱ्या वृद्ध दांपत्याला कुणी कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी पुण्यवर्षाची यात्रा केली आहे. त्यांनी कामिनो केला, असे मात्र म्हणू नये आणि सहल विकणाऱ्यांनीही तसे म्हणू नये.

नाव आणि वाट जेथे खरोखर जुळतात

जहाज आणि चालणे ह्यांची सांगड घालताच येत नाही असे नाही. ती घालण्याच्या दोन रीती आज प्रत्यक्ष उपलब्ध आहेत आणि त्यांत जहाजाला त्याची योग्य जागा मिळते.

पहिली रीत म्हणजे जहाजातून कायमचे उतरणे. मार्जरी केंप आणि विल्यम वे ह्यांनी तेच केले. जहाजाने त्यांना बंदरात सोडले आणि ते वाटेला लागले. आजच्या प्रवाशाने आपल्या सहलीचा शेवट फेरोल किंवा विगो येथे होईल असे पाहावे आणि तेथे सामान घेऊन उतरावे. फेरोलहून इंग्रजी कामिनोने सांतियागो 110 ते 120 किलोमीटर आहे, विगोहून पोर्तुगीज कामिनोच्या किनारी शाखेने सुमारे 100 किलोमीटर. पाच-सहा दिवसांत दोन्ही वाटा पूर्ण होतात. फेरोलची वाट सारियाच्या मानाने पुष्कळ शांत आहे. परतीचे विमान सांतियागोहून मिळते. जहाज कंपन्यांना हे अवघड नाही. एका दिशेचे तिकीट त्या विकतातच. अडचण आपल्याकडच्या सहल-आयोजकांची आहे, कारण त्यांना दहा दिवसांत लिस्बन, फातिमा, सांतियागो, लूर्द आणि जमल्यास बार्सिलोनाही बसवायचे असते. हा मोह धर्मग्रामाच्या पातळीवरच आवरावा लागेल.

दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण तीत नाव हाच यात्रेचा भाग आहे. पोर्तुगीज कामिनोवर पोन्तेवेद्रा सोडल्यानंतर डावीकडे एक पर्यायी वाट फुटते. ती पोयोच्या मठावरून, कोंबारो ह्या दगडी कोठारांच्या मासेमारी गावातून, आर्मेन्तेइराच्या सिस्टर्शियन मठापर्यंत चढते आणि मग ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्क्यांजवळून समुद्राकडे उतरून विलानोवा दे आरोसाला पोहोचते. तेथे रस्ता संपतो. पुढे लहान बोटीने आरोसाची खाडी आणि उल्ला नदीतून सुमारे 28 किलोमीटर जायचे आणि पाद्रोनजवळ उतरायचे. खाडीत शिंपल्यांच्या शेतीचे लाकडी तराफे शेकड्यांनी तरंगत असतात, तर काठावर आणि बेटांवर दगडी क्रूस उभे आहेत. जगातील एकमेव सागरी क्रूसाची वाट असे तिचे वर्णन केले जाते. संत याकोबाचा देह ज्या मार्गाने आला असे परंपरा सांगते तो हाच जलमार्ग. बोट काही फार सुखावह नसते, सकाळी थंडी वाजते, भरती-ओहोटीप्रमाणे सुटण्याची वेळ बदलते. आणि पाद्रोनला उतरल्यावर अजून पंचवीस किलोमीटर चालायचे असतेच. पोर्तुगालच्या सीमेवरील तुई गावातून ही वाट धरल्यास शंभर किलोमीटर चालण्याची अटही पूर्ण होते.

आपल्या भागातील भाविकांना पायी यात्रेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पंढरीच्या वारीच्या भूमीत आपण वाढलो आहोत. दरवर्षी 3 डिसेंबरच्या आधी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार ह्या भागांतून तरुणांचे गट जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी पायी जातात. आणि हा संत तर ह्या वाटेचा शेजारीच. 1506 साली तो जन्मला ते नावारा प्रांतातील हाविएर कामिनोच्या आरागॉन शाखेपासून अगदी जवळ आहे; आजही दर मार्चमध्ये नावारातील हजारो लोक त्या किल्ल्याकडे पायी यात्रा करतात. 7 एप्रिल 1541 रोजी लिस्बनहून निघालेला फ्रान्सिस गोव्यात उतरला तो 6 मे 1542 रोजी. तेरा महिन्यांच्या त्या प्रवासात तो जहाजावर आजाऱ्यांची सेवा करत होता. जहाजावरचा काळ हा मुक्कामाला पोहोचेपर्यंतचा फावला वेळ आहे, असे त्याला वाटले नाही. आगाशीचे चर्च तर संत जेम्सच्या, म्हणजे ह्याच प्रेषिताच्या, नावाचे आहे. वसई धर्मप्रांतातून 2027 साठी एखादा गट निघायचा असेल तर त्याने निघण्यापूर्वी तेथे मिस्सा करून जायला हरकत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. जहाज इंग्लंड किंवा आयर्लंडच्या बंदरातून सुटणार असेल अथवा मध्येच तेथे थांबणार असेल, तर भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसाखेरीज त्या देशाचाही व्हिसा पाहावा लागतो आणि शेंगेन व्हिसा अनेकवार प्रवेशाचा आहे ना, हे तपासावे लागते. पुण्यवर्षातील जुलै-ऑगस्टमध्ये मुक्कामाला जागा मिळणे कठीण होते. आपल्याकडील मे महिन्याच्या सुटीत गर्दी कमी आणि हवा बरी असते; पाऊस मात्र तेव्हाही असतो. पायांत नवे बूट घालून जाऊ नये. हा सल्ला सगळे देतात आणि कुणी ऐकत नाही.

गटात चालू न शकणारे असतील तर त्यांना वगळू नये. त्यांनी गाडीने पुढच्या मुक्कामी जावे, संध्याकाळच्या मिस्सेला सर्वांनी एकत्र यावे. यात्री-कार्यालयात एक जुनी तरतूद आहे, ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. मृत व्यक्तीसाठी किंवा आजारपणामुळे चालू न शकणाऱ्यासाठी दुसऱ्या कुणी ही वाट चालता येते, आणि तशी विनंती केल्यास प्रमाणपत्रावर 'विकारिए प्रो' ह्या लॅटिन शब्दांनंतर त्या व्यक्तीचे नाव लिहून मिळते. वीस जणांच्या गटात दहा चालणारे असतील तर घरी अंथरुणाला खिळलेल्या दहा जणांची नावे त्यांच्याबरोबर सांतियागोला जाऊ शकतात. ही नावे निघण्यापूर्वी धर्मग्रामातच ठरवावीत. तेथे खिडकीसमोर, पाय दुखत असताना आणि मागे रांग असताना, ती सुचत नाहीत.